जपून वापरायची मासोळी

माझ्या शिवणाच्या टोपलीत एक पारदर्शक प्लास्टिकची डबी आहे. वीतभर लांब, झाकणाला बारीक बिजागरी, आणि आत मासोळीच्या आकाराचा खोलगट साचा. त्या साच्यात आता टाचण्या आणि ब्लाउजची हुकं पडलेली असतात. माझ्या मुलीनं एकदा विचारलं होतं, "आई, ह्या डबीत पहले काय होतं?" मी म्हटलं, एक खोटा मासा होता. ती हसली आणि मोबाइलकडे वळली, मीही विषय तिथेच सोडला. खरं तर सांगायला हवं होतं, कारण ती ज्या घरात वाढली त्या घराच्या पायाशी तो मासा आहे. पन्नाशी उलटल्यावर आता लिहून ठेवते आहे, म्हणजे तिला कधीतरी वाटलं तर वाचता येईल.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे कपडे वाळवायची गॅलरी, खाली कडुनिंबाच्या सावलीत प्रेसवाल्याची गाडी. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते. शेजारी एका बाजूला तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला गढवाली, आणि संध्याकाळी सगळ्या कुकरांच्या शिट्ट्या एकमेकींत मिसळायच्या. आमच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली नवा रंगीत टीव्ही. टीव्हीला आईनं क्रोशाचं कव्हर विणलं होतं. कव्हर फक्त टीव्हीलाच होतं असं नाही. फ्रिजला होतं, फ्रिजच्या हँडललाही होतं. मिक्सर वापरून झाला की पुसून पुन्हा त्याच्या मूळ खोक्यात जायचा. सोफ्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक आम्ही काढलंच नव्हतं, उन्हाळ्यात त्यावरून उठताना मांड्या चिकटायच्या. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं आणि आमच्यासारख्या घरांत ते हळूहळू, हप्त्याहप्त्यानं शिरत होतं. आलं की आधी जपून ठेवायचं, वापरायचं नंतर. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी नव्या बुटांची पहिली जोडी इतकी जपली की ती घालायला काढली तेव्हा पाय वाढला होता.

बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या गावाला मोठं तळं होतं, आणि मासा म्हणजे त्यांच्या लेखी गोड्या पाण्याचाच. समुद्राच्या माशांबद्दल कोणी मुंबईकर बोलू लागला की ते नम्रपणे ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "खारट पाण्यातल्याला पुन्हा मीठ कशाला लावतात कोण जाणे." त्यांचं सगळं प्रेम मरळीवर. दिल्लीत तिला सौल म्हणतात, मला तर आधी सौल हाच शब्द ठाऊक होता. काळी, लांबट, गुळगुळीत, सापासारख्या डोक्याची. ती हातातून निसटते, म्हणून साफ करताना राख लागते. गॅसच्या घरात राख कुठून आणायची? आई मला खाली प्रेसवाल्याकडे पिटाळायची. कोळशाच्या इस्त्रीतली राख तो कागदात बांधून द्यायचा आणि दरवेळी विचारायचा, "आज सौल आई है क्या?" मग सुकं खोबरं, कांदा, खसखस आणि थोडं जवस भाजल्याचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि तमिळ काकू हळूच खिडकी लावून घ्यायच्या. त्या कधी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी इडल्या मात्र पाठवायच्या.

मरळ पाण्यात गचपण असेल तिथेच राहते. जलपर्णीखाली, बुडालेल्या झाडाच्या बेचक्यात. जाळं टाकलं तर काट्यांत फाटतं, म्हणून गळच टाकावा लागतो. त्या गळाला आमिष म्हणून बाबा स्वतः लाकडी खोट्या मासोळ्या करायचे. सफरचंदाच्या पेटीचं हलकं लाकूड, पोटात शिशाचा तुकडा, वरून आईच्या नेलपॉलिशचे दोन हात. तोंडाखाली जो पातळ ओठ लागतो, ज्याच्यामुळे दोरी ओढल्यावर मासोळी डुलत खाली जाते, तो ते ऑफिसातल्या मोडक्या गुण्याच्या कोपऱ्यातून कापायचे. गुण्याचा कोपरा म्हणजे काटकोन, त्यामुळे ओठ आपोआप चौकोनी व्हायचा. "गोल ओठ फांदीत शिरतो," बाबा मला समजावायचे, "चौकोनी ओठ फांदीवर आपटतो आणि बाजूला होतो. आपटली की ओढणं थांबवायचं. हलकं लाकूड आहे, आपोआप वर येते. मरळ नेमकी तेव्हाच घेते." आणि मग शेवटी नेहमीचं एक वाक्य यायचं. "जी हरवली तर रडू येणार नाही, तीच बांधायची. नाहीतर हात आखडतो." मी मान डोलवायची. तेव्हा मला ते फक्त माशांबद्दल वाटायचं.

ते ज्या तळ्यावर जायचे ते आम्हाला घरामुळे सापडलं होतं. बाबांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून एक हाउसिंग सोसायटी काढली होती आणि तिला पप्पनकलांला जमीन मिळाली होती. आज त्याला द्वारका म्हणतात, मेट्रो येते, सेक्टरांचे आकडे सांगितले की रिक्षावाला बरोबर नेतो. तेव्हा तिथे खुंट्या ठोकलेली माती होती, वेडी बाभूळ होती, जिला आम्ही दिल्लीची मुलं कीकर म्हणायचो, आणि डोक्यावरून इतकी खाली विमानं जायची की त्यांची चाकं दिसायची. आमच्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात गावाचं जुनं तळं येत होतं. नव्या रस्त्याच्या भरावामुळे पाणी तुंबून काठचे कीकर बुडाले होते आणि वर जलपर्णीची गादी पसरली होती. बाबा पहिल्यांदा प्लॉट बघायला गेले आणि घराची जागा बघण्याऐवजी तासभर पाण्याकडेच बघत बसले. आईला संताप आला होता. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटणार होतं आणि दिल्लीत डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं ही तिची एकच ओढ होती.

मग सोसायटीची सभा झाली. तळं बुजवल्याशिवाय तिसरा ब्लॉक उभा राहणार नव्हता. ठराव मांडला गेला, सगळ्यांनी हात वर केले, बाबांनीही केला. तिसऱ्या ब्लॉकमध्येच आमचा फ्लॅट येणार होता. पंधरा दिवसांनी बाबांची स्कूटर वाळूवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आई प्लास्टरवर शाल टाकत म्हणाली, "ज्या हातानं मत दिलंत तोच मोडला बघा." ती गमतीनं म्हणाली होती. बाबा मात्र हसले नाहीत.

त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढला.

"पाणी आटलं की मरळ पळून जात नाही," ते डाव्या हातानं भात कालवत म्हणाले. "चिखलात शिरून बसते. वर येऊन श्वास घेते. ह्यांनी वरून मलबा ओतला की ती खालीच राहणार. जिवंत."

"अहो, मग आणा पकडून. रस्सा करते."

"खायला नाही. दुसऱ्या तळ्यात सोडायची."

आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "आणि आजपर्यंत इतक्या खाल्ल्या त्या?"

"त्या खाल्ल्या. खाणं वेगळं. ह्या आपल्या घराखाली जाणार. ज्या जमिनीवर झोपायचं, तिच्याखाली काही जिवंत पुरायचं नाही."

"आणि पकडणार कोण? प्लास्टर?"

"सुजा पकडेल," बाबा म्हणाले.

सुजा म्हणजे मी, सुजाता. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि तोवर मी गळाला हात लावला नव्हता, फक्त पिशवी धरायची. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा आई भानावर आली आणि आम्हा दोघांनाही वेडं ठरवून मोकळी झाली.

भरावाचं काम बघणारा मुंशी हरियाणवी होता, तोंडात कायम विडी. त्यानं आम्हाला हिशेब सांगितला. "चार इतवार हैं जी आपके पास. फिर पानी ढूंढते रह जाओगे." ट्रक एका बाजूनं मलबा ओतत येत होते. म्हणजे दर आठवड्याला तळं थोडं लहान होणार होतं आणि आमच्या हाती चार सकाळी होत्या. पहिल्या रविवारी आम्ही बसनं गेलो, कारण स्कूटर चालवायला हात नव्हता. बाबांनी मला कोरड्या मातीवर तासभर रॉडनं गळ फेकायला शिकवलं, मग पाण्यावर नेलं. तिथे बसल्या बसल्या आवाज आला. वाकलेल्या कीकरापाशी, जलपर्णीतल्या ताटाएवढ्या भोकात काहीतरी टप्प करून वर आलं आणि गेलं. थोड्या वेळानं पुन्हा एक, आधीच्याहून जड. "जोडी आहे," बाबा कुजबुजले. "मरळ जोडीनं राहते." त्यांच्याकडे घरची एकच मासोळी उरली होती, बाकीच्या आधीच्या हंगामात फांद्यांनी खाल्ल्या होत्या. ती मी तिसऱ्याच फेकीत अडकवली आणि दोरी तुटली. बाबा म्हणाले, ठीक आहे, एवढं तर व्हायचंच. पण आता प्लास्टरमुळे नवी कोरता येणार नव्हती.

म्हणून आम्ही जामा मशिदीमागच्या एका गल्लीत गेलो. तिथे गळ, दोऱ्या आणि दोरी गुंडाळायच्या चरख्या विकणारं एक अरुंद दुकान होतं, कढईतल्या तेलाचा वास आत येत असे. दुकानदार चाचांनी एक वेताची टोपली पुढे ठेवली. तिच्यात देशी लाकडी मासोळ्या होत्या, जाडजूड, रंग ओघळलेला, डोळे वाकडे, पण ओठ चौकोनी. मग मला खूश करायला म्हणून त्यांनी काउंटरच्या काचेतून एक डबी काढली. डबीत एक परदेशी मासोळी होती. अंगावर खरे वाटावेत असे खवले, पाठ निळी, पोट चंदेरी, आणि मासोळी हलवली की बघतायत असं वाटणारे डोळे. कानाशी धरून हलवली तर आत मणी खुळखुळले. ओठ लांब आणि गोल होता. मी तो पाहिला होता. तो गोल आहे हे मला दिसलं होतं हे आज कबूल करते.

"बिटिया," चाचा म्हणाले, "जहाँ लकड़ी डूबी हो, वहाँ टोकरी वाली छह ले जाओ. ये तो खुले, साफ़ पानी की चीज़ है."

दोन्हींची किंमत सारखीच होती. सहा त्या, किंवा एक ही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एकदा टोपलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. ते नाही म्हणू शकले असते. ते म्हणाले, "फेकणार तू आहेस. तू ठरव." मी डबी छातीशी धरली. चाचांनी टोपली हळूच मागे ओढली आणि आम्हाला चहा पाजला. परत येताना बसमध्ये मी ती डबी तीनदा उघडून पाहिली, आणि एकदा बाबांनीही मागून घेऊन पाहिली. "काय फिनिशिंग आहे," ते म्हणाले. ड्राफ्ट्समनचं मन होतं, रेषेला भुलायचं. घरी आईनंही हातात घेतली आणि तिला बोटांचे ठसे लागू नयेत म्हणून पदरानं पुसली. मग ती डबीसकट लोखंडी कपाटात, तिच्या बांगड्यांशेजारी ठेवली गेली. आमच्या घरात याहून मोठा मान नव्हता.

दुसऱ्या रविवारी मी ती पहिल्यांदा बांधली. बाबा मागून म्हणाले, "तिकडे मोकळं पाणी आहे, तिकडे टाक. नवी आहे. जपून." मी मोकळ्यात टाकली. काय सुंदर डुलली ती. निळ्या पाठीवर ऊन चमकत होतं आणि मणी खुळखुळत होते, आणि मोकळ्या पाण्यात एकही मासा नव्हता. सगळी सकाळ आम्ही तिला अशी फिरवून आणली. वाकलेल्या कीकरापाशी टप्प, टप्प आवाज येत होता आणि आम्ही दोघंही ऐकलं न ऐकल्यासारखं करत होतो. तिसऱ्या रविवारीही तेच. एकदा माझा हात त्या भोकाच्या दिशेनं वळला होता, तेव्हा बाबा चटकन म्हणाले, "आज राहू दे, पुढच्या वेळी पाणी जरा स्वच्छ होईल." पाणी स्वच्छ होणार नव्हतं. त्यात रोज मलबा पडत होता. हरवली तर रडू येणार नाही अशीच बांध, हे सांगणारा माणूस तो हाच. मी आजही कधीकधी त्या दोन सकाळी आठवते आणि मला आधी त्यांचा राग येतो, मग माझा. घरी आल्यावर मासोळी धुऊन, पुसून, पुन्हा डबीत आणि डबी कपाटात.

चौथ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तळं बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं उरलं होतं. रविवार असूनही दोन ट्रक उभे होते. मुंशी म्हणाला, "दोपहर तक कर लो जो करना है. आज बंद कर देंगे." वाकलेला कीकर अजून होता, त्याच्या मुळाशी जलपर्णी कोंबून भरली होती. ज्या मोकळ्या पाण्यात आम्ही इतके दिवस मासोळी डुलवली ते आता जमीन झालं होतं. बाबा काठावर उकिडवे बसले आणि कीकराच्या मुळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुजा, मासा तिथं आहे. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे."

मी डबी उघडली, मासोळी बांधली आणि फेकली. पहिली फेक अलीकडे पडली. दुसरी बरोबर भोकात. मी ओढली, तो लांब गोल ओठ लगेच खाली बुडी मारून गेला आणि पाण्याखाली कशात तरी शिरला. मी थांबले, ती वर आली नाही. डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली. दोरी ताणली गेली, आणि मग एकदम हलकी झाली. मी रडले. चौदा वर्षांची मुलगी, दोन ट्रक ड्रायव्हर आणि एका मुंशीसमोर मोठ्यानं रडले. बाबांनी मला रडू दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मासोळी गेल्याचं दुःख होतं आणि सुटल्यासारखंही काहीतरी होतं. नंतर ते म्हणाले, "चप्पल काढ."

मला वाटलं, ते स्वतः पाण्यात उतरणार. पण त्यांनी माझी निळी हवाई चप्पल मांडीवर घेतली, खिशातली पत्र्याची डबी उघडली आणि तिच्यातलं काढून गमछ्यावर मांडलं. एक जुना गळ, थोडी तार, शिशाचा तुकडा, आणि गुण्याचा तुटका कोपरा. मग त्यांनी त्यांचा चाकू माझ्या हातात दिला. तो चाकू घरात मला कधी धरू दिला नव्हता, धार फार आहे म्हणून. "काप. बोटाएवढी. पोट जाड ठेव. सुबक नको, तरंगली पाहिजे." मी कापली. चपलेच्या टाचेतून एक ओबडधोबड निळी मासोळी निघाली. तार आरपार घातली, तोंडाखाली चीर देऊन गुण्याचा चौकोनी कोपरा बसवला, गळाचा काटा मागे, टोक वर. काट्याची उलटी नखी बाबांनी दगडावर ठेवून दगडानंच चेपायला लावली, सोडताना मासा फाटू नये म्हणून. या सगळ्याला अर्धा तास लागला असेल. ते काम मला पहिल्या रविवारी जमलं असतं. त्यांचा हात मोडला होता, माझा नव्हता, आणि हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या चपलेला फेकताना हात मुळीच आखडला नाही. पहिली फेक फांदीवर पडली, झटका दिल्यावर सुटली. दुसरी भोकात. ओढली, ठक्क करून खोडावर आपटली. मी थांबले. निळी चप्पल हळूहळू वर येऊ लागली आणि जलपर्णी आतून फुटल्यासारखी उडाली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रॉड पोटात रुतलेला, बाबा एका हातानं माझा खांदा धरून "ढिली सोडू नको, ढिली सोडू नको" म्हणताहेत, एक ट्रक ड्रायव्हर चिखलात गुडघाभर उतरलेला. काळी, माझ्या हाताएवढी लांब मरळ काठावर आली आणि तोंड उघडून हवा घेऊ लागली. गळ सहज निघाला. आम्ही तिला ओल्या गोणपाटात गुंडाळलं.

मी लगेच पुन्हा फेकायला उभी राहिले. टप्प आवाज आला होता, तो जड आवाज. तीन-चार फेकी झाल्या असतील. मुंशी विडी विझवून जवळ आला. तो वाईट माणूस नव्हता. "भाईसाहब, बारह बज गए. मेरी भी नौकरी है." बाबांनी अजून थोडा वेळ मागितला, त्यानं तोही दिला. मग ट्रक मागे सरकू लागला आणि पहिला मलबा कीकराच्या मुळाशी पडला. जलपर्णी दबली. बाबांनी माझ्या हातातून रॉड घेतला आणि म्हणाले, "चल. हिला फार वेळ कोरडं ठेवता येणार नाही."

नजफगढच्या बसमध्ये गोणपाट माझ्या मांडीवर होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"ये हिल क्यों रहा है?"

"मछली है," बाबा म्हणाले.

"ज़िंदा?"

"ज़िंदा है, तभी तो हिल रही है."

"पका के खाओगे?"

"नहीं. छोड़ने जा रहे हैं."

कंडक्टरनं बाबांच्या प्लास्टरकडे, माझ्या एका अनवाणी पायाकडे आणि पुन्हा गोणपाटाकडे पाहिलं. मग मागच्या सीटवरच्या बाईकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि स्वतः गोणपाटावर शिंपडली. तिसऱ्या की चौथ्या गावात म्हशी डुंबत असलेलं एक तळं होतं. तिथे आम्ही तिला उथळ पाण्यात ठेवलं. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग शेपूट हलवून संथपणे आत गेली. मला वाटलं बाबा आता बरं वाटून हसतील. ते म्हणाले, "दुसरी राहिली."

घरी आईनं राख आणून ठेवली होती. खोबरं-कांदा भाजून वाटण तयार होतं, कारण तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नव्हता की पकडलेला मासा कुणी खरंच सोडून देईल. तिनं रिकामं गोणपाट पाहिलं, माझा पाय पाहिला, आणि बाबांचा चेहरा पाहिला. "मग बटाटे घालते," म्हणाली. तो बटाट्याचा रस्सा आम्ही तिघांनी खाल्ला. कपाटातली रिकामी डबी पुढे बरीच वर्षं बांगड्यांशेजारीच राहिली, टाकायचं कुणाला सुचलं नाही. मासे धरायला बाबा नंतर कधी गेले नाहीत. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. सहा घेतल्या असत्या तर दुसऱ्याच रविवारी भोकात फेकल्या असत्या, दोन हरवल्या असत्या, चार हरवल्या असत्या, पण दोन्ही मरळी निघाल्या असत्या. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

फ्लॅट मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. बाबा त्यात सात-आठ वर्षं राहिले, आई त्याहून जास्त. आईनं सोफ्याचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी फाडून टाकलं, ते कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या आपण. आता मी राहते. आमच्या ब्लॉकच्या बेसमेंटमध्ये बारा महिने पाणी झिरपतं. कितीही सिमेंट भरा, ते कुठून तरी येतं, आणि पंप दिवसातून दोनदा चालतो. बाबांना त्या पंपाचा आवाज आला की ते पेपर खाली ठेवायचे.

मागच्या महिन्यात सोसायटीची सभा होती. बेसमेंट खालून कायमचं बंद करायचं, रसायन घालून सगळ्या भेगा बुजवायच्या असा ठराव होता. ठराव योग्यच होता, गाड्या गंजतात, डास होतात, मलाही कळतं. सगळ्यांचे हात वर गेले. सेक्रेटरी चांगला मुलगा आहे, तो मोजता मोजता माझ्यापाशी थांबला.

"आंटी, आपका हाथ?"

"बेटा, हाथ में दर्द है," मी म्हटलं. "तू आगे गिन ले."